निदानाचा भुर्दंड कोणावर?

आधुनिक मोटारीतील इंजिन, ब्रेक आदींची नियंत्रक यंत्रे परस्परांशी बहुधा दोन तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धती. संवाद तुटला की तपासणी-यंत्र अमुक घटक 'उत्तर देत नाही' एवढेच सांगते, आणि गॅरेजवाला तो महागडा घटकच बदलू पाहतो. वास्तविक दोष गंजलेल्या जोडणीतही असू शकतो. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधील रोध मोजावा : सुमारे ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे रोधक शाबूत; १२० आला तर एका टोकाशी संबंध तुटलेला. साध्या मीटरचे हे काम. परंतु चुकीच्या निदानाचा भुर्दंड निदान करणाऱ्यावर नव्हे, ग्राहकावर पडतो. मग मोजण्याची तसदी कोण घेणार? म्हणून घटक बदलण्यापूर्वीचे मोजमाप बिलावर नोंदविणे कायद्याने बंधनकारक व्हावयास हवे.