आतून कल्हई, बाहेरून चिंच

जूनमधल्या एका वीकांताला घरी परभणीला गेलो होतो. मागच्या वर्षी बाबांनी ट्रॅक्टरचं नवीन पेरणीयंत्र घेतलं. लालभडक, चकचकीत. निवड अर्थातच आमची! पुण्यात एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला सगळ्याच यंत्रांतलं कळतं, असा घरी एक गोड गैरसमज आहे :)

मूग 30 सेंमीवर पेरून झाला होता. सोयाबीनसाठी फण 45 वर सरकवायचे होते. नट हलेना! कारखान्यात आट्यांवरही लाल रंग फासलेला आणि त्याखाली गंज. डिझेल, पान्हा, हातोडा यात अख्खा दिवस गेला. हाताशी आलेला वापसा गेला. संध्याकाळी पुन्हा पाऊस, म्हणजे काळ्या रानात चार दिवस पाऊल टाकायची सोय नाही. खताची पेटी उघडली तर तळाला गंजाचे पापुद्रे. बाबा एवढंच म्हणाले, "रंग बघून घेतलंस ना रे?"

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लोखंडी वस्तूला फिनिश कुठलं द्यायचं हे ठरवण्याआधी त्या भागाचा वैरी कोण, ते विचारावं. एकाच यंत्रात चार वैरी असतात.

सांगाड्याचा वैरी पाऊस आणि ओरखडे. त्याला साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलं उत्तम. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. पावडर कोटिंग दिसतं झकास, पण टवका उडाला की गंज त्याच्या खालून पसरत जातो.

नटबोल्टांना जस्ताचा पातळ मुलामा, काही मायक्रॉनचाच. थर जाड झाला तर नट बसायचाच नाही. वरून ग्रीस.

फणाच्या टोकाला माती घासते, तिथे कुठलाच रंग टिकत नाही. उलट रंग नवा असेतो चिकण माती जास्तच धरते. तिथे कडक केलेलं पोलाद हवं, आणि हंगाम संपला की तेलाचा हात.

खत तर हवेतला ओलावा ओढतं आणि जस्तालाही सोडत नाही. पेटी प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची बरी, आणि ती त्याच संध्याकाळी रिकामी करायची.

"किंमत वाढेल हो!" असं कुणी म्हणेल. गॅल्व्हनाइझिंगने वाढेल, मान्य. पण रंग मारताना आटे झाकायला फक्त एक चिकटपट्टी लागते.

आमच्या आजीला हे सगळं ठाऊक होतं. तिच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई, आंबट कळकू नये म्हणून. बाहेरून नुसती चिंच आणि राख. भांडं एकच, पण आतला वैरी वेगळा, बाहेरचा वेगळा. बाहेरून कल्हई लावून चकचकीत करू, असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

असो. पुढच्या वेळी दुकानात गेलो की रंग नंतर बघीन. आधी म्हणणार, नट फिरवून दाखवा!