होडीतून गोळ्या कोणी झाडल्या?

गेल्या महिन्यात पुण्याहून एका जुन्या मित्राचा फोन आला. बोलता बोलता मी सांगून बसलो की सध्या आमच्या घरात 'लॉस्ट'वरून रोज वाद होतात. तिकडून आधी शांतता, मग गडगडाटी हसू. "लेका, ती मालिका संपून पंधरा वर्षं उलटली! एवढी शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, आणि टीव्हीतल्या धुराच्या राक्षसावरून भांडता? बरं आहे बुवा अमेरिकेत, वेळच वेळ!"

फोन ठेवल्यावर (नेहमीप्रमाणे) मला चोख उत्तर सुचलं. ते इथे देतो, कारण हे हसणं त्या एकट्याचं नाही. गोष्टीतले सुटलेले धागे मोजत बसणाऱ्या माणसाला आपल्याकडे सरसकट रिकामटेकडा म्हणतात. माझं म्हणणं असं, की तो बिचारा हिशेब मागतोय. आणि हिशेब मागायची सवय मोडलेली माणसं त्याला हसतायत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'लॉस्ट' एबीसी वाहिनीवर 22 सप्टेंबर 2004 ला सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान पॅसिफिकमधल्या एका बेटावर कोसळतं आणि वाचलेली माणसं तिथे दिवस काढू लागतात. इथवर सगळं रीतसर. मग त्या उष्ण बेटावर ध्रुवीय अस्वल निघतं. काळा धूर झाडं उपटत हिंडतो आणि माणसं मारतो. जमिनीखाली तळघर सापडतं, त्यात एक जुनाट कॉम्प्युटर. त्यात दर 108 मिनिटांनी 4, 8, 15, 16, 23, 42 हे आकडे टाकले नाहीत तर म्हणे जग बुडेल. (बेरीज करून पाहा, 108च येते. आम्हीही केली होती.) हे सगळं का, ते पुढल्या बुधवारी कळेल असं वाटायचं. पुढल्या बुधवारी आणखी दोन प्रश्न पदरात पडायचे.

2006 च्या फेब्रुवारीत माझे आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे मिशिगनला आले. बाहेर गुडघाभर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबा बँकेत जन्मभर हिशेब तपासून निवृत्त झालेले. पहिल्या सीझनच्या डीव्हीडी त्यांनी खाली इंग्रजी अक्षरं लावून आठवड्यात संपवल्या आणि मग दर बुधवारी आमच्याबरोबर सोफ्यावर हजर. हातात शंभर पानी वही. डावीकडे 'येणे', उजवीकडे 'वसूल'. मालिकेने प्रश्न टाकला की डावीकडे नोंद, उत्तर दिलं की उजवीकडे तारीख.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एका भागाच्या शेवटी जंगलात पॅराशूटने उतरलेलं खाण्याचं सामान दिसलं. आम्ही सगळे आकडे आणि धूर यांत गुरफटलेलो. बाबांनी शांतपणे विचारलं, "अरे, हे सामान पाठवतं कोण? आणि बिल कोण भरतं?" आम्ही हसलो. पुढे तिसऱ्या सीझनमध्ये कळलं, की ज्या संस्थेच्या नावाने ते सामान यायचं तिची बेटावरची माणसं कित्येक वर्षांपूर्वीच मारली गेली होती. आमचं हसू थांबलं. प्रश्न नेमका होता.

आता हा धंदा कसा चालायचा ते पाहा. इथल्या मोठ्या वाहिन्या वर्षाला बावीस-चोवीस भाग दाखवायच्या. मधल्या जाहिरातींवर वाहिनीचं पोट. साधारण शंभर भाग साठले की मालिका पुनःप्रक्षेपणासाठी गावोगावच्या वाहिन्यांना विकायची, खरी मलई त्यात. म्हणजे चाललेली गोष्ट संपावी असं गल्ल्यावर बसलेल्या कोणालाच वाटत नाही. आणि प्रेक्षकाला धरून ठेवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे गूढ. एक बंद दार दाखवायचं, बस्स. मागे खोली बांधायचा खर्च नंतर बघू.

याचा नमुना 'एक्स-फाइल्स'. 1993 ला सुरू झाली. मल्डरची लहान बहीण परग्रहवासीयांनी पळवली, हा मालिकेचा कणा. 2000 साली उत्तर मिळालं, की ती चांदण्यात विलीन झाली! बरं. 2002 ला मालिका संपली. 2016 ला परत आली आणि जगभर साथ पसरून माणसं मरतायत अशा टोकावर थांबली. 2018 ला पुन्हा आली, तर पहिल्याच भागात कळलं की तो सगळा स्कलीला झालेला आभास होता. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचं 'नवं-जुनं' करतात ना, तसलाच प्रकार. जुनी बाकी फिटत नाही, फक्त कागद नवा होतो.

'लॉस्ट'चीही तीच वाट लागली असती. तिसऱ्या सीझनमध्ये निकी आणि पाउलो नावाची दोन माणसं अचानक आमच्या माथी मारली गेली. प्रेक्षकांनी असा काही गिल्ला केला की मार्च 2007 मध्ये दोघांना चक्क जिवंत पुरलं. नायकाच्या दंडावर गोंदलं कुठे, यावर एक अख्खा भाग झाला. शेवट ठरवून दिला नाही तर असलंच काहीतरी दाखवत बसावं लागेल, हे वाहिनीला त्याच भागामुळे पटलं, असं डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज ही कर्त्यांची जोडी पुढे सांगू लागली. मे 2007 मध्ये एबीसीने जाहीर केलं: आणखी 48 भाग, तीन सीझन, 2010 ला समाप्त. चालत्या मालिकेचा शेवट तीन वर्षं आधी जाहीर होणं ही इथे अपूर्वाईची गोष्ट होती. वाहिनीशी भांडले ते दोघे, पण त्यांच्या हातातलं हत्यार होतं ती आमच्यासारख्या 'रिकामटेकड्यां'ची कुरकुर.

23 मे 2010 च्या रात्री शेवटचा भाग लागला. सुमारे 1 कोटी 35 लाख लोकांनी तो पाहिला. रडलो, खोटं कशाला बोलू? सगळी पात्रं मृत्यूनंतर एका ठिकाणी भेटतात, एकमेकांना ओळखतात, पुढे जातात. सुंदर होतं. (ही माणसं मेलेलीच आहेत आणि हे मधलं कुठलंतरी ठिकाण आहे, हा तर्क चाहत्यांनी पहिल्याच वर्षी केला होता आणि कर्त्यांनी तो ठामपणे फेटाळला होता. बेट खरं होतं हे कबूल, पण शेवटच्या वर्षी एक मधलं ठिकाण आलंच की!)

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि होडीचं?"

होडीचं असं. 2009 ला बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा पाचवा सीझन होता. मंडळी काळात मागेपुढे फेकली जातायत. एके दिवशी वल्ही मारत निघालेली असताना मागून दुसरी होडी येते आणि त्यातले कोणीतरी यांच्यावर गोळ्या झाडतात. काळ पुन्हा बदलतो, यांची सुटका होते. गोळ्या झाडणारे कोण? पुढे कधीतरी हीच होडी दुसऱ्या बाजूने दिसणार हे उघड होतं. नाही दिसली. उत्तर आमच्याकडे आहे असं कर्ते सांगत राहिले. दाखवलं नाही ते नाहीच.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "गोष्ट कोड्यांची नव्हतीच, पात्रांची होती." मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रोग्रॅममधली चूक नोंदवली की ती बंद करताना कारण लिहावं लागतं. 'दुरुस्त केली' लिहा, 'दुरुस्त करणार नाही' असंही लिहा, चालतं. पण 'ही चूक नसून ग्राहकाचा भावनिक प्रवास आहे' असं लिहून कोणी बंद केली तर संध्याकाळपर्यंत त्याचं टेबल रिकामं झालेलं दिसेल. गोष्ट पात्रांचीच होती तर सहा वर्षं दर भागाच्या शेवटी काळ्या पडद्यावर 'धडाम्' करून कोडं का टाकत होता? त्या धडाम्‌च्या जोरावर जाहिराती विकल्यात ना?

मालिकेच्या जनकांपैकी एक, जे. जे. एब्रम्स. 2007 साली टेडच्या व्यासपीठावर त्यांनी एक खोकं दाखवलं. न्यूयॉर्कच्या जादूच्या दुकानातून लहानपणी घेतलेलं आणि आजवर न उघडलेलं. बंद खोक्यात शक्यता असतात, म्हणून ते उघडायचं नाही. ऐकायला फार गोड. पण साहेब, खोकं तुमच्या कपाटात आहे तोवर तुमचं. तुम्ही ते मला विकलंत की आत काय आहे हे विचारायचा हक्क माझा.

तुम्ही म्हणाल, उत्तर दिलं की गंमत संपते. यासाठी 'ट्विन पीक्स'चा दाखला हमखास येतो. 1990 ला ती सुरू झाली, लॉरा पामरला कोणी मारलं या प्रश्नाने अमेरिका झपाटली. वाहिनीच्या दबावाखाली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुनी सांगून टाकला आणि 1991 च्या जूनमध्ये मालिका बंद. झालं, उत्तराने मालिका मारली! अहो, उत्तरानंतर सांगायला दुसरी भक्कम गोष्ट तयार नव्हती आणि मालिका नेऊन टाकली होती शनिवारी रात्री, जेव्हा लोक घरी नसतात. आणि या बाबतीत आपण अमेरिकेकडून काय शिकायचं? आपल्या वेताळाने पंचवीस गोष्टी सांगितल्या. प्रत्येकीच्या शेवटी प्रश्न, राजाचं उत्तर, आणि वेताळ पुन्हा झाडावर. चोवीस उत्तरं मिळाली म्हणून गंमत संपली का? उलट शेवटी त्या जोग्याचा डाव काय होता तेही कळतं. कीर्तनकार आख्यानात कितीही लांब भटकून येवो, शेवटी मूळ पदावर आला नाही तर माणसं आरतीला थांबणार नाहीत.

सगळीच कोडी सोडवा असा माझा हट्ट नाही. याच लिंडेलॉफने 2014 ते 2017 मध्ये 'द लेफ्टओव्हर्स' केली. एका दिवशी जगातली दोन टक्के माणसं नाहीशी होतात. का, ते सांगणार नाही असं त्याने आधीच सांगून टाकलं, आणि उरलेल्यांचं दुःख दाखवलं. कोणी तक्रार केली नाही. तसंच, अपघात आम्हाला समजतात. मालिकेतला वॉल्ट नावाचा मुलगा फार महत्त्वाचा होता. पण बेटावर शंभरेक दिवस जाईपर्यंत नट बिचारा ताडमाड वाढला! त्याचा धागा सुटला तर आम्ही रागावलो नाही. वचन देऊन विसरणं वेगळं आणि वचनच न देणं वेगळं, एवढंच म्हणतोय.

आता पुण्याच्या मित्राकडे वळतो. बाबा रे, 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून जास्त भाग. तुझ्या घरी रोज लागायची, मी पाहिलंय. त्यात सुरू होऊन हरवलेले धागे कोणी मोजले? आपल्या रोजच्या मालिकांत पात्र वरच्या खोलीत जातं ते खाली येतच नाही. माणूस बदलतो, "यापुढे ही भूमिका अमुक करतील" अशी पाटी येते आणि आपण चहा घेत पुढे बघतो. दर आठवड्याच्या टीआरपीवर गोष्ट वळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. "सोड रे, टीव्हीच तर आहे" हे वाक्य आपण टीव्हीपुरतं ठेवलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण गल्लीतला रस्ता खणून तसाच सोडला तरी आपण तेच म्हणतो, फक्त 'टीव्ही'च्या जागी 'नगरपालिका' येते. धागा सुटला हे लक्षात ठेवणं ही एक सवय आहे, आणि ती कुठेतरी रोज वापरावी लागते.

ऑगस्ट 2010 मध्ये शेवटच्या सीझनची डीव्हीडी आली. तिच्यात टीव्हीवर न दाखवलेला बारा मिनिटांचा तुकडा होता. ग्वाममधल्या एका गोदामात दोन कामगार बसलेत. यंत्रातून येणाऱ्या हुकमाप्रमाणे वर्षानुवर्षं खाण्याचं सामान बांधून पाठवतायत. संस्था केव्हाच संपलीय हे त्यांना कोणी कळवलेलंच नाही! काय देखणं उत्तर होतं ते. एवढं साधं, एवढं स्वस्त. आणि ते वेगळे पैसे मोजणाऱ्यालाच दाखवलं.

मी लगेच बाबांना फोन लावला. वही उघडल्याचा आवाज आला. "सामान कोण पाठवतं, वसूल," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आणि त्या दोघांचा पगार?"

2024 साली 'लॉस्ट' पुन्हा नेटफ्लिक्सवर आली आणि कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने ती धरली. सुट्टीला घरी आली की जेवताना प्रश्न सुरू. ती वही आता माझ्याकडे आहे, ती तिला दिली. परवा पाहिलं तर आजोबांच्या निळ्या शाईखाली हिच्या पेन्सिलीतल्या चार नव्या नोंदी होत्या. होडीच्या ओळीपुढे उजवीकडची जागा अजून कोरी आहे. बँकेतला माणूस असून बाबांनी ती बुडीत खात्यात टाकली नव्हती. तिनेही टाकलेली नाही.

असो. मित्राला हा मजकूर पाठवतोय. हसला तरी चालेल, पण आधी त्याने मला सांगावं: होडीतून गोळ्या कोणी झाडल्या?