पासबुक त्यांचं, कॅशबुक आपलं



चातुर्मासात प्रवचन संपवून स्थानकाबाहेर पडताना, चपला शोधता शोधता, बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एवढं करते मी, पण कोणाला त्याचं काही आहे का?" वाक्य बोलणारी दर वेळी वेगळी असते, पण बाकीच्यांच्या माना सारख्याच हलतात.

आणि खरंच, करतो तरी किती! सकाळी पाणी उकळून गार करून ठेवायचं. सासूबाईंचा चौविहार, म्हणून सूर्यास्ताआधी त्यांचं ताट. कारखान्यातून, गोदामातून पुरुष माणसं रात्री नऊला येणार, त्यांचं जेवण वेगळं. नातवाला पावभाजी हवी, ती कच्च्या केळ्याची. आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, म्हणून गट्टे नाहीतर पापडाची भाजी. हे सगळं वेळेवर झालं की कोणाला दिसत नाही. एखाद्या दिवशी मीठ कमी पडलं की सगळ्यांना दिसतं.

आज मला या वाक्यावर थोडं बोलायचं आहे. शाबासकी हवीशी वाटण्यात काही गैर आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या धर्मात तर करणं, करवणं आणि अनुमोदणं असे तीन प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याच्या चांगल्या कामाची अनुमोदना करणं हेही पुण्यच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मला काय वाटतंय ते खरं आहे का, मी दमले आहे का, मला लागलं आहे का, यावर दुसऱ्याची सही घेतल्याशिवाय आपण विश्वासच ठेवत नाही. ही सवय आपल्याला फार महाग पडते.

आमच्या भिवंडीचंच उदाहरण घ्या. इथे कितीतरी घरं सुताच्या आणि कापडाच्या धंद्यावर चालतात. सुताचा भाव पडला, पार्टीचं पेमेंट अडकलं, की घरातला माणूस दोन-दोन दिवस धड बोलत नाही. ताट समोर येतं, तो मोबाइलमध्ये बघत जेवतो आणि उठतो. इकडे बायको मनात हिशेब करत बसते, माझं काय चुकलं? भाजी आवडली नाही का? माहेरी फोन केला म्हणून राग आला का? तिचं काहीच चुकलेलं नसतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून आपली किंमत ठरवायची म्हटलं, तर आपला भाव सुताच्या भावाबरोबर वरखाली होणारच.

दुसरं उदाहरण अठ्ठाईचं. ओळखीतल्या एकीला सहाव्या उपवासाला चक्कर आली. डॉक्टरांनी पारणं करायला सांगितलं. शक्तीप्रमाणेच तप करावं, असं महासतीजींनीही समजावलं. पण सांजीचे निरोप गेले होते, माहेरची माणसं निघाली होती. तिने आठ दिवस पूर्ण केले आणि नंतर तिला सलाइन लावावं लागलं. तब्येत सावरल्यावर ती म्हणाली, "मध्येच सोडलं असतं तर लोक काय म्हणाले असते?" तप निर्जरेसाठी असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण स्वतःचं शरीर स्वच्छ सांगत असताना तिला ती साक्ष पुरेशी वाटली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे माझं डोकं हिशेबाच्या वह्यांकडे वळतं. बी.कॉम.ला आम्हाला बँक रिकन्सिलिएशन होतं. आपल्या कॅशबुकातली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक बऱ्याचदा जुळत नाही. आपण चेक दिलेला असतो, तो अजून वटलेला नसतो. बँकेने चार्जेस कापलेले असतात, ते आपल्याला माहीत नसतात. फरक दिसला म्हणून कोणी स्वतःचं कॅशबुक फाडून टाकत नाही. दोन्ही वह्या समोर ठेवायच्या, फरक कुठून आला ते शोधायचं, चूक आपल्याकडे असेल तर आपल्याकडे दुरुस्त करायची.

घरात मात्र आपण कॅशबुक ठेवतच नाही. नवरा, सासू, सून, नणंद, भिशीतल्या मैत्रिणी, प्रत्येकीच्या पासबुकात आपली शिल्लक किती, ते बघत फिरतो. एकीकडे जास्त दिसली की आनंद, दुसरीकडे कमी दिसली की रात्रभर झोप नाही. आपली स्वतःची नोंदच नसेल, तर कोणाचा आकडा बरोबर ते पडताळणार तरी कशावरून?

कोणी म्हणेल, हे सगळं आजकालचं खूळ आहे, आपल्या आज्या-पणज्यांना असलं काही लागत नव्हतं. मला तसं वाटत नाही. रमाबाई रानडे यांचं उदाहरण बघा. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याने शिकवायला घेतलं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पटत नव्हतं. त्यातून इंग्रजी शिकणं तर मुळीच नाही. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं आणि १९१० साली आलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहूनही ठेवलं. त्या काळात त्यांना एका माणसाची मान्यता होती, नवऱ्याची. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आतल्या. आता पाठीवर हात ठेवणारं कोणी नव्हतं. तरी त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांकडे गेल्या, १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिल्या.

आपल्या जैन समाजात मगनबाईंचं नाव आहे. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची ही मुलगी. लहान वयात वैधव्य आलं. विधवेने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. त्या वडिलांच्या आधाराने शिकल्या आणि आपल्यासारख्याच बायकांसाठी त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. १९१४ साली वडील गेले. मगनबाईंचं काम पुढेही चालू राहिलं.

या दोघींनाही सुरुवातीला कोणाचा तरी आधार होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. लहानपणी, तरुणपणी कोणीतरी "तू बरोबर आहेस" म्हणावं लागतं, त्याशिवाय माणूस उभा राहत नाही. पण तो आधार देणारं माणूस कधी ना कधी जातं, नाहीतर त्याला दुसरे व्याप लागतात. आपल्या साठीच्या वयात तर हे रोज दिसतं. म्हणून तो आवाज असताना त्याच्याकडून शिकून घ्यावं आणि नंतर तेच स्वतःला म्हणता यावं.

आता म्हणायचं काय आणि कसं? "मी किती चांगली, माझ्यासारखी मीच" असं घोकायचं नाही. तो तर मान कषाय झाला. "मला वाटतं म्हणजे मीच बरोबर" असंही नाही. मला वाईट वाटलं, हे खरं असू शकतं. पण सुनेने मला मुद्दाम दुखावलं, हा माझा अंदाज असतो आणि तो चुकीचाही निघू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की निम्मं भांडण तिथेच संपतं.

आपल्या शेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक नसेल तर फार लांब नाही! अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडलेला विचार डॉक्टर सोप्या मराठीत समजावतात. "माझं कौतुक झालं तर मला आवडेल" ही इच्छा झाली. "माझं कौतुक झालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल" हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर थोडं वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस कोसळतं. एलिस असंही म्हणायचे, की एखाद्या कामाला मार्क द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. आपल्याला हे परकं वाटायला नको. आत्मा ज्ञाता-द्रष्टा आहे, जाणणारा आणि बघणारा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आलेला राग, आलेलं रडू, हे बघणारी मी वेगळी आहे. मग त्या बघणारीची साक्ष का चालू नये?

मी काय करते ते सांगते. सामायिकाची ४८ मिनिटं ही सामायिकाचीच, त्यात संसाराचे हिशेब आणायचे नाहीत. पण सामायिक पारल्यावर लगेच गॅसकडे धावायचं नाही. त्याच जागी आणखी पाच मिनिटं बसायचं आणि वहीत चार ओळी लिहायच्या. काय झालं? मला काय वाटलं? तसं वाटणं साहजिक का आहे? आता काय करायचं?

उदाहरणार्थ, 'पाहुण्यांसमोर मुलगा म्हणाला, आईला यातलं काही कळत नाही. मला अपमान वाटला. या घराचा हिशेब मी तीस वर्षं लिहिला आहे, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. आज रात्री त्याला एकटं गाठून शांतपणे सांगायचं, की चारचौघांत असं बोलू नकोस.' बस, एवढंच. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती लिहिली की "मीच जास्त मनाला लावून घेते" हे वाक्य आपोआप मागे पडतं. चौथ्या ओळीत कधी कधी "काही करायचं नाही, झोप पूर्ण करायची" एवढंच येतं. तेही चालतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. स्वतःची साक्ष स्वतः देणं म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे. उलट नोंद असली की बोलता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टिंगल, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून मारलेले टोमणे हेही छळात धरले आहेत. "मार तर नाही ना देत" असं म्हणून कोणी तुमची बोळवण करत असेल, तर कायदाही तुमच्या बाजूने साक्ष देतो. आणि सगळं एकटीने पेलायचं असाही याचा अर्थ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२१ या एका वर्षात आत्महत्या केलेल्या गृहिणींची संख्या २३,१७८ आहे. हा आकडा वाचून मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. जगण्यात काही अर्थ नाही असं वाटू लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

आणि हो, स्वतःची नोंद ठेवायला लागल्यावर दुसऱ्याला शाबासकी द्यायला आपला हात आखडू नये. सुनेने केलेला खाखरा छान झाला असेल तर तिला तोंडावर सांगा, शेजारणीला सांगत बसू नका. जिचं स्वतःचं कॅशबुक नीट आहे, तिला दुसऱ्याच्या खात्यात जमा करताना आपलं कमी झाल्यासारखं वाटत नाही. आपल्या वाट्याला जे आलं नाही, ते पुढच्या पिढीला द्यायला काय हरकत आहे?

संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींतल्या सगळ्या जीवांना खमावतो. व्हॉट्सॲपवर शंभर जणांना मिच्छामि दुक्कडम् पाठवतो. त्या सगळ्या जीवांमध्ये आपला स्वतःचाही एक जीव आहे. त्याचं आपण वर्षभर किती ऐकलं नाही, त्याला किती वेळा "गप्प बस" म्हटलं, तेही प्रतिक्रमणात आठवायला हवं. या वर्षी मेसेज पाठवण्याआधी एकदा त्याच्याकडेही बघा.

वही नातवाची जुनी, अर्धी कोरी राहिलेली असली तरी चालेल. उद्या सामायिक पारल्यावर पहिल्या चार ओळी लिहा.

जय जिनेंद्र.