अंगण बांधा, पण पाण्याला वाट ठेवा

अंजूर, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामं वाढली, भातखाचरांवर भराव पडले. पावसाचं पाणी थोपवून धरणारी जमीन कमी झाली. त्यात घरोघरी अंगणात सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसले, तर पाणी मुरणार कुठं? शेवटी ते शेजाऱ्याच्याच ओट्यावर जाणार. २६ जुलै २००५ चा पूर आठवा.

अंगण आपलं असलं तरी कायदा आहेच. भिवंडी परिसरातील गावांसाठी २००७ मध्ये एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. म्हणून भिंत वा शेड घालण्याआधी परवानगी कुणाची लागते, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. सार्वजनिक रस्त्यावर, गटारावर ओटा वाढवला, तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३ नुसार पंचायत तो काढू शकते. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या अंगणातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

मग करायचं काय? चालण्यापुरती फरशी घाला, बाकी माती उघडी ठेवा. झाडाच्या बुंध्याशी सिमेंट नको. दहा फुटांना एक-दीड इंच उतार परसबागेकडे द्या. तिथं केळी, अळू लावा. न्हाणीचं पाणीही कामी येईल.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही नुसता कागद तपासू नये. पाणी कुठं जाणार, हे जागेवर जाऊन पाहावं. पावसाळ्यात तक्रार घेऊन येणारा गावातलाच माणूस असतो.