अनुषंगी जमाखर्च

आरोग्यकार्यक्रमांचे मोल ठरविण्याची जी रीत आज सरकारदरबारी आणि संशोधनसंस्थांत रूढ आहे ती थोडक्यात अशी, की कार्यक्रमावर झालेल्या खर्चाला त्याने टाळलेल्या मृत्यूंनी किंवा वाचविलेल्या निरोगी आयुर्वर्षांनी भागावे, येणारा आकडा दुसऱ्या कार्यक्रमाच्या आकड्याशेजारी मांडावा आणि जो लहान निघेल त्याची शिफारस करावी. १९९३ च्या जागतिक विकास अहवालात जागतिक बँकेने विकलांगता-समायोजित आयुर्वर्षांचे माप पुढे आणल्यापासून या भागाकारास विशेष प्रतिष्ठा लाभली. आम्ही त्याचे विरोधक नाही. जेथे तरतूद तुटपुंजी आणि गरज अपार, तेथे हिशेब न करता पैसा वाटणे म्हणजे ज्याचे वजन अधिक त्याच्या तालुक्यात इमारत उभी करणे, हे आपण सारे पाहत आलो आहोत. आमची तक्रार भाज्य आणि भाजक यांच्या सीमेविषयी आहे. खर्च म्हणून जे धरले जाते ते बहुधा कार्यक्रम चालविणाऱ्या खात्याच्याच तिजोरीतून गेलेले असते, फल म्हणून जे धरले जाते ते मंजुरीच्या कागदावर ज्याचे नाव आहे त्याच रोगाचे असते, आणि या दोन कुंपणांबाहेर जे घडते, मग ते इष्ट असो वा अनिष्ट, त्यास रकानाच नसतो.

याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण हिवतापाचे. दुसरे महायुद्ध संपताच मुंबई इलाख्यातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचे जे काम उभारले, तशाच कामाच्या पायावर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. इतके सर्वश्रुत आहे. परंतु ज्या भिंतीवर डास बसतो त्याच भिंतीवर काळा आजार पसरविणारी वाळूमाशीही बसते, आणि म्हणून हिवतापासाठी केलेल्या फवारणीने बिहारात काळा आजारही, कोणी न योजता, जवळजवळ दिसेनासा झाला. हिवतापाच्या ताळेबंदात हा लाभ जमेस नव्हता. त्यामुळे फवारणी आवरती घेतली गेली तेव्हा तो गमावण्याची किंमत खर्चास पडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, आणि सत्तरीच्या दशकात काळा आजार बिहारात मोठ्या जोमाने परतला. खर्चाच्या बाजूसही असेच एक अनामिक कलम होते. १९५९ साली, तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात, डी.डी.टी.ला न जुमानणारे डास आढळले. या प्रतिकारास घरातील फवारणीबरोबरच शेतातील कीटकनाशकांचाही हातभार लागला, पण कृषिखात्याने पिकाचा फायदा मोजला तेव्हा आरोग्यखात्याच्या हातचे शस्त्र बोथट झाल्याची नोंद त्याने का करावी? १९७६ साली हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले होते. त्याची कारणे अनेक. हे त्यांतील एक.

आता दुसरे उदाहरण, आकाराने लहान पण आपल्या रोजच्या कामाच्या अधिक जवळचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा करविली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजातमृत्यूंत ६२ टक्के घट झाली, खर्च दर बालकामागे ५.३ डॉलर, आणि शुश्रूषा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला. इतका स्वच्छ भागाकार आपल्या क्षेत्रात क्वचितच पाहावयास मिळतो. पुढे २०११ साली केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तींच्या हाती सोपविली, आणि बेचाळीस दिवसांतील सहा गृहभेटींसाठी (प्रसूती घरी झाली असल्यास सात) २५० रुपये मोबदला ठरविला. सहांनी भागिल्यास प्रत्येक भेटीस बेचाळीस रुपयांहूनही कमी पडतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारीच्या परिसरातील आशाताईने एखाद्या शेतवस्तीवरील बाळंतिणीकडे जाऊन बाळाचे वजन घ्यावे, ताप पाहावा, आईला अंगावर पाजण्याविषयी समजवावे, तक्ता भरावा आणि परत यावे, यात तिचा अर्धा दिवस सहज जातो. कापूस वेचणीच्या हंगामात त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बेचाळीस रुपयांहून किती अधिक असते हे कन्नड तालुक्यातील कोणीही सांगेल. कार्यक्रम स्वस्त दिसतो याचे एक कारण तो खरोखर परिणामकारक आहे, आणि दुसरे कारण त्याच्या खर्चाचा एक भाग त्या स्त्रीने, तिला न विचारता, आपल्या पदरचा घातला आहे. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण हिशेबात एकच दिसते. उलट बाजूस जमेचीही कलमे सुटतात. जे बाळ घरीच सावरले त्याच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयाची वारी टळली, म्हणजे जीपचे भाडे, सोबतच्या दोघांचे बुडालेले रोज, आवारात काढलेल्या रात्री आणि त्यासाठी उचललेल्या रकमेचे व्याज, हे सारे वाचले. तसेच पहिल्या बाळाच्या वेळी ऊब देण्याचे जे तंत्र आई शिकली ते दुसऱ्या बाळाच्या वेळी, कोणत्याही भेटीवाचून, तिच्या जवळ असते.

काही कार्यक्रमांत तर बाह्य परिणाम हाच मुख्य परिणाम असतो. शौचालय बांधणाऱ्या घराइतकाच त्याचा लाभ शेजारच्या घराला होतो. म्हणून २००४ च्या सुमारास शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, सोडतीने निवडलेल्या गावांत स्वच्छतेची मोहीम चालवून तिचे फल तपासण्यात आले तेव्हा मोजमापाचा घटक सबंध गाव धरला गेला, आणि मुलांच्या वयानुरूप उंचीत प्रमाण-विचलनाच्या सुमारे तीन-दशांश इतकी वाढ दिसली.

आणि काही वेळा परिणाम आपल्या क्षेत्रातून बाहेर जात नाही, बाहेरून आत येतो. गुरांच्या दुखण्यावर स्वस्त झालेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, ते दिलेली मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांस घातक ठरले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, उघड्यावर पडलेल्या ढोरांवर भटकी कुत्री पोसली, पाणवठे दूषित झाले, आणि आयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन २००६ साली बंद करण्यात आले. पशुवैद्याच्या इंजेक्शनाची किंमत काही रुपये होती. कुत्रा चावल्याच्या लशीचा साठा मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत ठेवावा लागतो, आणि ते बिल पशुसंवर्धन खात्याकडे कधी जात नाही.

येथवर वाचून ज्यांना वाटेल, की आता प्रत्येक योजनेच्या प्रस्तावास शाळेतील हजेरी, घरातील शांतता आणि राष्ट्राचे उत्पन्न अशी शेपटी जोडावी, त्यांस आम्ही वेळीच थांबवू इच्छितो. अनुषंगी लाभांची यादी करण्यात योजनेचे पुरस्कर्ते मुळातच उदार असतात, अनुषंगी हानीची यादी करण्यास मात्र कोणी नेमलेलाच नसतो. अशा एकतर्फी विस्तारापेक्षा जुना संकुचित हिशेब पुष्कळ बरा. शिवाय दुबार मोजणीचा धोका आहे: रुग्ण कामावर परतला हे निरोगी वर्षांत एकदा आणि मजुरीत पुन्हा धरणारे प्रबंध आमच्या टेबलावर नित्य येतात. त्याहून गंभीर बाब ही, की मजुरीच्या वजनाने लाभ मोजू लागल्यास कमावत्या तरुणाचा हिवताप हा कष्टांनी झिजलेल्या म्हातारीच्या हिवतापाहून महाग ठरतो. असा निष्कर्ष ज्या गणितातून निघतो ते, कितीही सुबक असले तरी, आम्हांस मान्य नाही. मजुरी वेगळी दाखवावी. निरोगी वर्षांत मिसळू नये.

२०१६ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने अशा मूल्यमापनासोबत आरोग्यक्षेत्रातील आणि त्याबाहेरील परिणामांचा एक तक्ता जोडण्याची शिफारस केली. तिचा खरा उपयोग आमच्या मते असा, की हा तक्ता कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच भरून घेता येतो. कोणते बाह्य परिणाम पाहावयाचे, कोणाकडे पाहावयाचे आणि हानीची कोणती चिन्हे दिसल्यास काय करावयाचे, हे आधी लिहून ठेवले असता नंतर सोयीचे तेवढे निवडण्यास वाव राहत नाही; आणि ज्या परिणामाचा पुरावा क्षीण आहे तो भागाकारात न घालता तक्त्यातच, आपल्या अनिश्चिततेसह, राहू देता येतो.

म्हणून येत्या अंकापासून खर्च आणि फल यांची मीमांसा करणाऱ्या प्रत्येक लेखासोबत असा तक्ता आम्ही मागणार आहोत. तो एका पानात मावावा. त्यात इतर खात्यांवर पडलेला बोजा, रुग्णाच्या घरचा खर्च, आणि विनामोबदला किंवा अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या प्रत्येकीचे तास, अशी किमान तीन कलमे असावीत. आणि तासांचे मोल लावणे लेखकास अवघड वाटत असेल तर मोलाचा रकाना कोरा सोडावा, पण तासांचा नव्हे.