बायका सुटल्या, म्हणे!

जाते गेले, पाटा-वरवंटा गेला, धुणे यंत्रात गेले, म्हणून बायका सुटल्या. हे वाक्य मी बचत गटाच्या बैठकीत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत ऐकत आले आहे. म्हणणारे बहुधा पुरुष. त्यांनी जात्याला कधी हात लावलेला नसतो, ती गोष्ट वेगळी.

मी काम करते त्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही डॉक्टर सांगतात, "जरा हालचाल करा." ती पहाटे पाचपासून पायांवर असते! एकदा 'आळशी' हा शिक्का बसला की साखर वाढली तरी ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्चते हे विशिष्ट पाणी पाजून, मग लघवी तपासून मोजता येते. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. कंदमुळे आणि शिकारीसाठी रोज मैलोन्‌मैल चालणारी ही माणसे. पण शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर त्यांचा खर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठे काम करणाऱ्यांइतकाच निघाला. २०२५ मध्ये ३४ समूहांतल्या ४,२१३ प्रौढांच्या आकडेवारीतून दिसले, की श्रीमंत देशांत हा खर्च थोडा घटतो खरा, पण वाढलेल्या लठ्ठपणाचा जेमतेम दहावा हिस्सा त्यातून उलगडतो. संशोधकांचे बोट मुख्यतः अन्नाकडे आहे.

व्यायाम नको असे मी मुळीच म्हणत नाही. हृदयाला, साखरेला, मनाला तो हवाच. पण घाम गाळणारीला आणखी घाम गाळायला सांगून वजन उतरत नाही.

आणि अन्न म्हणजे 'बाई फार खाते' असेही नव्हे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात; डाळ, भाजी, दूध विकतच. कोपऱ्यावरच्या टपरीवर मात्र पाच रुपयांत बिस्किटांचा पुडा. चहात बुडवला की दोन कामांच्या मधली भूक भागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या आणि जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या आढळल्या. एकाच देशात दोन्ही! हा आळसाचा हिशेब कसा?

तेव्हा डॉक्टरसाहेब, तिला काट्यावर उभे करण्याआधी एवढे विचारा: काल काय खाल्लेत, किती वाजता, आणि सगळ्यांचे जेवून झाल्यावर पातेल्यात काय उरले होते?