पिलांची वाकडी बोटे

पिलू पायाने लुळे पडले की ‘रोग आला’ असे म्हणून ते खुराड्याबाहेर टाकून द्यावयाचे, ही रीत परसातील कोंबडीपालनात सर्रास आढळते. ती मला मान्य नाही. पायाचे प्रत्येक व्यंग रोगाने येत नाही. आणि कारण खाद्यात असेल, तर एक पिलू टाकल्यावर चार दिवसांत दुसरे बसते.

ब-२ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे रायबोफ्लेविनच्या, उणिवेने येणारा बोटांचा लुळेपणा हे याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिले चालण्याचे टाळतात; उठविल्यास टाचेच्या सांध्यावर टेकून, पंखांचा आधार घेत सरकतात. बोटे मुठीप्रमाणे आत वळलेली असतात. भूक शाबूत असते, परंतु दाण्यापाण्यापर्यंत पोहोचता न आल्याने पिलू अखेर उपाशी मरते. पिलांच्या किलोभर खाद्यात सुमारे ३.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असावे लागते. नुसत्या तांदळाच्या कण्यांत किंवा मका-ज्वारीच्या भरड्यात ते याच्या निम्मेही नसते. तेव्हा स्वस्त पडतात म्हणून कण्यांवर पिले वाढविणे, ही काटकसर नव्हे.

लक्षण दिसताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध सुरू करावे. दर पिलास रोज १०० मायक्रोग्रॅम याप्रमाणे लागोपाठ दोन दिवसांच्या मात्रा बहुधा पुरतात. मात्र पुढे संतुलित खाद्य न मिळाल्यास तो खर्च वाया जातो. हे जीवनसत्त्व उजेडाने नष्ट होते, म्हणून औषधाचे पाणी उन्हात ठेवू नये. लुळ्या पिलाच्या चोचीत ते थेंबाथेंबाने घालावे. जोडीस ताक व कोवळा लसूणघास देणे हितावह आहे. दिरंगाई झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची होते, व मग औषधाचा उपयोग नाही.

बोटे आत न वळता केवळ बाजूस वाकली असतील आणि पिलू नीट चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. अशी कोंबडी अंड्यांसाठी खुशाल ठेवावी. पैदाशीसाठी मात्र ठेवू नये, कारण हा दोष काही वेळा आनुवंशिक असतो. टाचेवरील स्नायुबंध घसरून पाय वळला असल्यास तो पूर्ववत होत नाही. तेथे मँगनीजची उणीव आहे काय ते पाहून उरलेली पिले वाचवावीत. मोठ्या पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे पसरला असेल, तर मॅरेक रोगाची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही. लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते.

पिलांचे वाटप करताना आपण संख्या व जात काटेकोरपणे नोंदवितो. घरी त्यांना काय चारले जाणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी त्याच वेळी विचारावा, असा माझा आग्रह आहे. खुराड्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले आहे काय, हेही पाहावे. त्यावर घसरून पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिलांचे पाय फाकतात. गोणपाट किंवा तूस अंथरावे, आणि फाकलेले पाय मऊ पट्टीने, पिलाला उभे राहता येईल इतक्या अंतरावर, चार-पाच दिवस सैल बांधून ठेवावेत.